पार्ट लोड की आख्खी गाडी? (नाशिक ते कोइंबतूर, नऊ पॅनल)

सातपूरकर | २६ डिसेंबर, रात्री ९:४०

मंडळी, सातपूरला आमचं इलेक्ट्रिकल पॅनल बनवायचं छोटं युनिट आहे. आजवरची गिऱ्हाइकं नाशिक, चाकण, फार तर वाळूज. सकाळी टेंपो भरायचा आणि संध्याकाळी ड्रायव्हरचा फोन यायचा, 'साहेब, उतरलं.' संपलं.

आता पहिल्यांदाच लांबची ऑर्डर आली आहे, कोइंबतूरची. नऊ कंट्रोल पॅनल. पॅकिंग धरून एकेकाचं माप ३ फूट बाय ३ फूट, उंची साडेसात फूट, वजन ३१० किलो. सगळं मिळून २,७९० किलो. माल ३८ लाखांचा.

तीन भाव आले आहेत. पार्सलवाला किलोला ९ रुपये सांगतो. ब्रोकर १९ फुटी स्वतंत्र गाडीचे ५२ हजार म्हणतो. तिसरा म्हणतो, ३२ फुटी कंटेनरमध्ये पार्ट लोड टाका (म्हणजे दुसऱ्यांच्या मालाबरोबर गाडीत थोडी जागा घ्या), ३१ हजारांत काम होईल. माझ्या हिशेबाने २,७९० गुणिले ९ म्हणजे २५,११०, तेव्हा पार्सल सगळ्यात स्वस्त. माझा पार्टनर म्हणतो, इतकं सोपं असतं तर लोकांनी गाड्या कशाला केल्या असत्या?

पोंगलच्या आधी, म्हणजे ९ जानेवारीपर्यंत माल पोचायला हवा. उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का कापणार, म्हणजे १९ हजार गेले. पार्ट लोड कधी करावा आणि कधी करू नये, याचा काही ठोकताळा आहे का?

फक्त_वाचक | २६ डिसेंबर, रात्री ९:५२

पार्टनरचं ऐका. माझा या विषयाशी संबंध एवढाच की बदली झाली तेव्हा आमचा फ्रीज आमच्या नऊ दिवसांनंतर पोचला.

गोडाऊनमास्तर | २६ डिसेंबर, रात्री १०:३०

सातपूरकर, अठरा वर्षं भिवंडीत पार्सलच्या धंद्यात काढली आहेत, त्यामुळे घरचा भेदी म्हणून सांगतो. ९ रुपये किलो हे काट्यावरच्या वजनाला नाही. तुमचा माल फुगीर आहे. त्याला आम्ही मापाचं वजन लावतो.

एका पॅनलचं माप ३ × ३ × साडेसात, म्हणजे साडेसदुसष्ट घनफूट. नऊचे ६०७.५. घनफुटाला १० किलो धरले तर बिलातलं वजन ६,०७५ किलो. गुणिले ९ रुपये म्हणजे ५४,६७५. त्यावर बिल्टीचा (माल घेतल्याच्या पावतीचा) चार्ज, हमाली, डोअर डिलिव्हरी वेगळी. कोणी घनफुटाला १० ऐवजी ८ किंवा ६ धरतो, तिथे घासाघीस करता येते. पण काट्याचं वजन धरायला कोणी तयार होणार नाही.

आणखी एक गंमत. माप इंचात घेतलं तर १७२८ ने भागतात, सेंटिमीटरमध्ये घेतलं तर २७,००० ने. खरा घनफूट २८,३१७ घन सेंटिमीटरचा असतो. मधला फरक कुठे जातो ते विचारू नका, आमच्या दिवाळीचा बोनस त्यातच असायचा.

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे. पार्सलचा माल तुमच्याकडून टेंपोत चढतो, नाशिकच्या गोडाऊनला उतरतो, मोठ्या गाडीत चढतो, हबला उतरतो, परत चढतो, बंगळुरूला उतरतो, चढतो, कोइंबतूरला उतरतो, टेंपोत चढतो आणि गिऱ्हाइकाच्या दारात उतरतो. मोजा, दहा वेळा. साडेसात फुटी पॅनल रात्री दोन वाजता, मंद बल्बखाली, चार दमलेली माणसं हलवणार. 'धिस साइड अप'चा बाण इमानदारीने सगळे बघतात, पण आधी खाली ठेवतात आणि मग बघतात.

सातपूरकर | २६ डिसेंबर, रात्री १०:४१

मास्तर, बरं झालं आज विचारलं. ५४ हजार म्हणजे स्वतंत्र गाडीपेक्षा जास्त! पार्टनरला उद्या सांगतो. की नको सांगू?

कोल्हापुरी_कास्टिंग | २६ डिसेंबर, रात्री ११:०५

उगाच घाबरवताय राव त्यांना. आमची शिरोलीतनं दर आठवड्याला तीन-चार टन कास्टिंग चेन्नईला जातात, कायम पार्सलनं. किलोचा भाव ठरलेला, माप-बिप काय कोण विचारत न्हाई. वजन बघायचं आणि भाव करायचा. तीन टन म्हंजे तीन टन.

गोडाऊनमास्तर | २६ डिसेंबर, रात्री ११:१२

कास्टिंग दहा वेळा उतरवलं तर जमिनीला पोचा येईल, कास्टिंगला नाही. शिवाय तुमचे तीन टन गाडीत चार फूट लांबीत बसतात. सातपूरकरांचे तीन टन पंधरा फूट खातात. वजन सारखं, जागा चौपट.

कोल्हापुरी_कास्टिंग | २६ डिसेंबर, रात्री ११:१५

ते बी खरंच. पॅनल कधी पाठवलं न्हाई आम्ही. मागं घेतो.

आयशर_१९ | २७ डिसेंबर, सकाळी ६:२०

नमस्कार. माझ्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत, एक १९ फुटी आणि एक ३२ फुटी सिंगल एक्सल. गल्ला बघून लिहीत नाही, तुमचा माल कोणीही न्या.

पहिली गोष्ट उंचीची. १९ फुटी बंद बॉडीत साडेसात फूट उभं बसतं का, ते गाडी बघितल्याशिवाय हो म्हणू नका. बऱ्याच गाड्यांची आतली उंची सात फुटाच्या आसपास असते. ब्रोकर फोनवर 'बसतंय की' म्हणतो आणि गाडी दारात आली की हमाल म्हणतात 'आडवं टाकू'. पॅनल आडवं टाकलं की आतल्या बसबारचं (वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्यांचं) काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. उघड्या गाडीत ताडपत्री टाकून उभं नेता येईल, पण घाटात वारा भरला की ताडपत्री शीड होते. ३२ फुटीत उंचीचा प्रश्न येत नाही.

दुसरी गोष्ट. लोक दोन वेगळ्या गोष्टींना एकाच नावाने हाक मारतात. गाडी एक, मालक दोन किंवा तीन, आणि माल मध्ये कुठेच खाली उतरत नाही, हा खरा पार्ट लोड. पण 'पार्ट लोड'च्या नावाखाली तुमचा माल ट्रान्सपोर्ट नगरात नेऊन टाकायचा, तिथे गाडी भरेपर्यंत वाट बघायची, बंगळुरूला दुसऱ्या गाडीत चढवायचा, हे पार्सलच झालं. फक्त भाव पार्ट लोडचा.

म्हणून फोनवर भाव विचारायच्या आधी एक प्रश्न विचारा: 'गाडीत आधी कोणाचा माल बुक आहे, आणि कुठे उतरणार?' नाव नको, मालाचा प्रकार आणि गाव सांगा म्हणा. अडखळला तर समजा गाडीत अजून कोणीच नाही आणि पहिले तुम्हीच. पार्ट लोडमध्ये पहिला नंबर कधी घेऊ नये. पहिला माणूस दुसऱ्याची वाट बघत बसतो. दुसरा येतो तो सुटायच्या तारखेला येतो.

भाकरीवाली | २७ डिसेंबर, सकाळी ७:०२

'पहिला माणूस दुसऱ्याची वाट बघत बसतो'. शेअर रिक्षाचं तत्त्वज्ञान! आमच्या नाशिक रोडला तिसरी सवारी मिळेपर्यंत चहा होतो.

बिल्टीबहाद्दर | २७ डिसेंबर, सकाळी १०:१५

आयशरभाऊंच्या मुद्द्याला कागदाची जोड देतो. मी चाकणला डिस्पॅच बघतो.

माल मध्ये दुसऱ्या गाडीत चढवला का, हे घरबसल्या कळतं. आंतरराज्य माल ५० हजारांच्या वर असेल तर ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी जीएसटीचा ऑनलाइन कागद) लागतं, आणि त्याच्या पार्ट बीमध्ये गाडीचा नंबर असतो. रस्त्यात गाडी बदलली तर नवा नंबर टाकावा लागतो, नाहीतर चेकिंगला अडकतात. म्हणून रोज रात्री पोर्टलवर तुमचं ई-वे बिल उघडून बघा. एमएच १५ ची गाडी अचानक केए (कर्नाटकची) झाली, की फोन फिरवा.

मुदतही बघा. २०२१ पासून २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. नाशिक ते कोइंबतूर १,४०० किलोमीटरच्या आसपास धरले तर सात दिवस. सरळ गेलेल्या गाडीला ते पुष्कळ झाले. पण माल चार दिवस गोडाऊनला पडून राहिला आणि पार्ट बीमध्ये गाडीचा नंबर आधीच टाकलेला असला, तर घड्याळ चालू झालेलं असतं. मुदत वाढवता येते, पण संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढीच खिडकी. त्या वेळी ट्रान्सपोर्टवाल्याचा माणूस नेमका जेवायला गेलेला असतो.

इचलकरंजीची_माई | २७ डिसेंबर, दुपारी १२:४८

मी कापडाच्या धंद्यात आहे. आमच्याकडे गाठी जातात, पॅनल नाही, पण शेजारी कोण बसणार हे न विचारल्याची शिक्षा भोगली आहे म्हणून लिहिते.

तीन वर्षांपूर्वी ग्रे (न रंगवलेल्या) कापडाच्या ४० गाठी अहमदाबादला पार्ट लोडने पाठवल्या. भाव चांगला, गाडी नवीन, ड्रायव्हर अदबीने बोलणारा. गाडीत दुसरा माल ऑइलचे बॅरल होते, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. एका बॅरलचं बूच नीट बसलेलं नव्हतं. तेल वरून सांडलं असतं तर ड्रायव्हरला वास तरी आला असता. ते फळीवरून हळूहळू पसरत खालच्या थरातल्या गाठींनी शोषून घेतलं. वरून बघाल तर सगळं कोरडं. पोचल्यावर व्यापाऱ्याने पहिली गाठ उचलली तर खालची बाजू तपकिरी, आणि सुतळीचं टोक तेलाने जड झालेलं. अकरा गाठी गेल्या. ट्रान्सपोर्टवाला म्हणाला बॅरलवाल्याला विचारा, बॅरलवाला म्हणाला गाडी कोणाची?

तेव्हापासून आम्ही बिल्टीवर लिहून घेतो: 'तेल, रसायन, मीठ, ओला माल यांच्याबरोबर भरू नये.'

वकीलीणबाई | २७ डिसेंबर, दुपारी २:१०

माई, तुमच्या बाबतीत उत्तर सोपं होतं. तुमची बिल्टी ज्याने फाडली, तो जबाबदार. बॅरलवाल्याशी त्याने भांडावं, तुम्ही नाही.

पण सातपूरकरांसाठी महत्त्वाचं हे. २००७ चा कॅरेज बाय रोड अॅक्ट आणि त्याचे २०११ चे नियम बघितले तर, मालाची जास्त किंमत लेखी जाहीर केलेली नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. तुमचं भाडं ३१ हजार, म्हणजे ३ लाख १० हजार. माल ३८ लाखांचा. भाडं घासून २५ हजारांवर आणलंत, तर ही मर्यादाही खाली येते. कोणी हे लक्षात घेत नाही.

आणि नुकसान झालं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. 'बघू, करू, साहेब बाहेरगावी आहेत' यात सहा महिने कसे जातात ते माझ्याकडे येणारे पक्षकार सांगतील. डिलिव्हरीच्या पावतीवर 'पॅकिंग फाटलेले, आत तपासणे बाकी' असं लिहूनच सही करायला गिऱ्हाइकाला सांगा. कोरी सही म्हणजे माल नीट मिळाला, असं समोरचा म्हणणार.

विम्याचा_माणूस | २७ डिसेंबर, दुपारी ३:३०

बाईंच्या पुढे जाऊन, सरळ विमा काढा. रस्त्याने माल गेला तरी धंद्यात त्याला मरीन पॉलिसीच म्हणतात, दचकू नका. इनलँड ट्रान्झिट क्लॉज 'ए' मागा. 'बी' स्वस्त पडतो, पण त्यात आग, टक्कर, गाडी उलटणं अशी ठरावीक कारणंच असतात. हमालाच्या हातून पॅनल आपटलं, एखादी पेटी कमी भरली, हे 'बी'मध्ये बसत नाही. पार्ट लोडमध्ये नेमकं हेच होतं. पॅकिंग कच्चं असेल तर मात्र 'ए' असूनही दावा फेटाळतात, तेव्हा लाकडी बेसला बोल्ट मारा, नुसते खिळे नको.

कांदेनवमी | २७ डिसेंबर, सायंकाळी ५:०५

पिंपळगाव, लासलगावहून रोज टीएन पासिंगच्या गाड्या कांदा भरून तमिळनाडूला जातात. कशाला हजारो रुपये घालवता? चार पोती कमी भरायला सांगू का? :)

सातपूरकर | २७ डिसेंबर, सायंकाळी ५:११

पॅनल उघडल्यावर इंजिनिअरच्या डोळ्यात पाणी यावं, पण आनंदाने. कांद्याने नको.

आयशर_१९ | २७ डिसेंबर, रात्री ८:४५

कांदेनवमी चेष्टा करत आहेत, पण अर्धी गोष्ट खरी आहे. दक्षिणेच्या गाड्या इकडून मोकळ्या जात नाहीत, त्यामुळे त्या वाटेला 'परतीची गाडी आहे, स्वस्तात जाईल' हा हिशेब दरवेळी चालत नाही. कांद्याचा भाव चढला की गाड्यांचा भाव चढतो. कांदा तसाही ओलावा सोडतो, पॅनलशेजारी नकोच.

पार्ट लोडची जोडी जमायला एक माल जड आणि आटोपशीर, दुसरा हलका आणि फुगीर हवा. ३२ फुटी सिंगल एक्सल गाडी सात टनाच्या आसपास नेते. तुमचे पावणेतीन टन पंधरा फूट घेतात. उरलेल्या सतरा फुटांत चार टन बसले की गाडी वजनानेही भरली आणि लांबीनेही. अशा गाडीवाल्याला तुमचा माल मनापासून हवा असतो, तो मध्ये उतरवणार नाही. दोन्ही फुगीर असले तर गाडी भरते पण पैसे होत नाहीत, मग तो वाटेत तिसरा शोधतो.

चाळीतला_चार्टर्ड | २७ डिसेंबर, रात्री ९:२०

मला भाव तपासायची खोड आहे. सातपूरकर, ३२ फुटी आख्खी गाडी केली तर किती?

सातपूरकर | २७ डिसेंबर, रात्री ९:२६

आजच विचारलं. ६८ हजार.

चाळीतला_चार्टर्ड | २७ डिसेंबर, रात्री ९:३८

नऊ पॅनल दोन-दोनच्या रांगेत, म्हणजे पाच रांगा, पंधरा फूट. ३२ पैकी १५ म्हणजे ४७ टक्के. ६८ हजारांचे ४७ टक्के ३२ हजारांच्या जरा आत. तुम्हाला ३१ सांगितले. भाव सरळ आहे, त्यात लबाडी दिसत नाही. वीस हजार सांगितले असते तर मी म्हटलं असतं पळा, कारण त्या भावात माल मध्ये उतरल्याशिवाय कोणाला परवडत नाही.

माझा साधा नियम: निम्म्या गाडीपर्यंत पार्ट लोड, दोन तृतीयांशच्या वर गेलं की आख्खी गाडी. मधल्या पट्ट्यात तारीख किती कडक आहे त्यावर.

ओहायोवाली | २८ डिसेंबर, पहाटे ४:१५

मी इकडे एका मशिनरी कंपनीत शिपिंग बघते. इथेही हाच गोंधळ आहे, फक्त इंग्रजीत. एलटीएल म्हणजे तुमचं पार्सल, टर्मिनलमागून टर्मिनल. मधलं जे असतं त्याला पार्शल म्हणतात, साधारण सहा ते अठरा पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) किंवा पाच हजार पौंडांच्या वरचा माल. आमच्या ५३ फुटी ट्रेलरमध्ये सरळ ठेवलेली २६ पॅलेट बसतात. एलटीएलला मालाचा 'क्लास' असतो, ५० ते ५०० अशा अठरा पायऱ्या, आणि तो चुकीचा टाकला की महिन्याभराने वाढीव बिल येतं. पार्शलमध्ये ती कटकट नसते, लांबी आणि वजन सांगायचं.

पण दोष सारखाच. पार्शल कधी उचलणार आणि कधी पोचणार, याची एक तारीख मिळत नाही, खिडकी मिळते. 'मंगळवार ते गुरुवार'. आमची इंस्टॉलेशनची क्रेन तासाच्या भाड्यावर असते, त्या वेळी मी आख्खा ट्रक घेते आणि साहेबांकडे बघत नाही. सातपूरकर, तिकडे उतरवायला फोर्कलिफ्ट किंवा हायड्रा क्रेन त्यांच्याकडे आहे का? की भाड्याने येणार? त्यावर बरंच ठरेल.

सातपूरकर | २८ डिसेंबर, सकाळी ९:००

त्यांची स्वतःची फोर्कलिफ्ट आहे, फोन करून विचारलं. रात्री आठनंतर ऑपरेटर नसतो म्हणे.

नाक्यावरचा_नाना | २८ डिसेंबर, सकाळी ९:४४

मग वाराईचं आत्ताच ठरवा. उतरवायचे पैसे कोण देणार, यावर गाडी दारात उभी राहून भांडणं होतात. ज्याचा माल त्याचा हमाल, ही आमची घोषणा आहे आणि ती बरोबर आहे. ड्रायव्हरच्या खिशातून का?

गोडाऊनमास्तर | २८ डिसेंबर, सकाळी १०:०२

नाना, १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाच्या कष्टाला किंमत आली, त्याबद्दल वाद नाही. पण वाराईचा धागा वेगळा काढा, इथे सुरू झाला तर पोंगल काय, गुढीपाडवा येईल.

नाक्यावरचा_नाना | २८ डिसेंबर, सकाळी १०:०५

काढतो. पण मुद्दा सोडला नाही.

कोल्हापुरी_कास्टिंग | २८ डिसेंबर, सकाळी ११:३०

एक शंका. ३२ फुटी गाडी त्यांच्या दारापत्तूर जाती का? आमच्या एका गिऱ्हाइकाच्या गल्लीत मोठी गाडी वळतच न्हाई. मग गाववेशीवर थांबायचं, छोट्या टेंपोत माल बदलायचा. म्हंजे शेवटच्या दोन किलोमीटरला पार्सलच झालं की हो. दिवसा मोठ्या गाडीला शहरात बंदी असती ते वेगळंच.

आयशर_१९ | २८ डिसेंबर, सकाळी ११:४१

भावा, लाखातला प्रश्न विचारलास. गिऱ्हाइकाकडून गेटचा आणि गल्लीचा फोटो मागवा. नकाशावर सगळे रस्ते रुंदच दिसतात.

आणि सातपूरकर, एक राहिलं. नऊ पॅनल दोन-दोनने उभे केले की नववं एकटं पडतं, त्याच्या शेजारी ३ बाय ३ चं भोक राहतं. ते मोकळं सोडू नका. घाट उतरताना एकटं पॅनल तिकडेच झुकतं. ठोकळे, जुने टायर, काहीही भरा, आणि पट्टा दोन्ही बाजूंनी ओढा.

सातपूरकर | २९ डिसेंबर, रात्री १०:१८

ठरलं. पार्ट लोड. गाडीत बेदाण्याचे २६० बॉक्स आधीच बुक होते, १५ किलोचा एक, म्हणजे ३.९ टन. पिंपळगावहून सेलमला जाणार. सुटायची तारीख ३० पक्की, कारण बेदाणेवाल्यालाही पोंगल गाठायचा आहे. म्हणजे मी दुसरा!

सेलम वाटेत आधी लागतं, म्हणून पॅनल आत, बेदाणे दाराकडे. गाडी उद्या आधी आमच्याकडे भरणार, मग उलटी पिंपळगावला, मग पुण्याच्या वाटेला. बिल्टीवर तीन गोष्टी लिहून घेतल्या: माल मध्ये उतरवू नये, पॅनल उभेच राहतील, मालाची किंमत ३८ लाख. तिसरी लिहिताना क्लार्कने पेन खाली ठेवला आणि शेठला फोन लावला. शेठ म्हणाले लिही. विमा 'ए' काढला. गल्लीचा फोटो आला, तिथून बस जाते, म्हणजे आपली गाडी जाईल.

इचलकरंजीची_माई | २९ डिसेंबर, रात्री १०:२५

बेदाणे म्हणजे शेजार चांगला मिळाला. न गळणारा, न रुसणारा.

फक्त_वाचक | २९ डिसेंबर, रात्री १०:३१

मुंग्या?

इचलकरंजीची_माई | २९ डिसेंबर, रात्री १०:३३

तुम्ही वाचकच राहा.

बिल्टीबहाद्दर | २ जानेवारी, रात्री ११:००

सातपूरकर, पार्ट बी बघितलं का? एमएच १५ च आहे ना?

सातपूरकर | २ जानेवारी, रात्री ११:२०

दिवसातून सहा वेळा बघतोय. एमएच १५ च. बायको म्हणते मुलाचा रिझल्टसुद्धा इतक्यांदा बघितला नव्हता. ३१ ला पहाटे निघालेली गाडी आज संध्याकाळी बंगळुरूच्या पुढे होसूरला ढाब्यावर उभी आहे.

सातपूरकर | ५ जानेवारी, दुपारी १:४०

पोचलं! काल रात्री गाडी कोइंबतूरला आली, ऑपरेटर नव्हता म्हणून सकाळपर्यंत थांबली, हॉल्टिंगचे हजार रुपये लागले (ओहायोवाली, तुमचा प्रश्न मी फोनवर विचारला पण ड्रायव्हरला सांगायचा विसरलो). नऊच्या नऊ पॅनल उभे, टिल्ट स्टिकर (पॅनल कललं की रंग बदलणारे) सगळे पांढरे. फक्त एकाचा कोपरा खरचटला आहे, तो आमच्याच दारातून बाहेर काढताना लागला होता, पावडर कोटिंगचा डबा पाठवतोय.

आता गंमत. सेलमला बेदाणे उतरले तेव्हा २५९ च भरले. ड्रायव्हरने शपथा घेतल्या, व्यापाऱ्याने एका बॉक्सचे पैसे भाड्यातून कापले, बिचारा हिरमुसला होऊन पुढे आला. आज पॅनल उतरवताना नवव्या पॅनलशेजारच्या भोकात, अगदी तळाला, एक बॉक्स सापडला. पिंपळगावच्या हमालांनी ती जागा बेदाण्यांनीच भरली होती. आयशरभाऊ, तुम्ही 'काहीही भरा' म्हणाला होतात!

गिऱ्हाइकाच्या स्टोअरकीपरचा फोन आला, 'सर, पॅकिंग लिस्टमध्ये नऊ नग आहेत, दहावा नग द्राक्षांच्या चित्राचा आहे. स्पेअर पार्ट्समध्ये धरू का?' बेदाणेवाल्याशी बोललो. तो हसला, ड्रायव्हरचे पैसे परत देतो म्हणाला, आणि बॉक्स तिथेच ठेवा, पोंगलला वाटा.

आयशर_१९ | ५ जानेवारी, दुपारी १:५५

ड्रायव्हरचे पैसे मिळाले का ते नक्की बघा. बाकी भोक बेदाण्यांनी भरायची कल्पना माझ्याही डोक्यात आली नसती.

नाक्यावरचा_नाना | ५ जानेवारी, दुपारी २:०३

ज्याचा माल त्याचा हमाल. आता बेदाणे कोणाचे?

फक्त_वाचक | ५ जानेवारी, दुपारी २:१०

पण त्या बॉक्सचं सेलम ते कोइंबतूर ई-वे बिल कुठे आहे?

बिल्टीबहाद्दर | ५ जानेवारी, दुपारी २:१४

५० हजारांच्या आतला माल. लागत नाही. खाऊ द्या त्यांना.